मदत हवी आहे: विहिरीतील पाण्यावर चालणारा ट्रान्झिस्टर अर्धवटच का चालू होतो?

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून ओलित विहिरीच्या पाण्यावर होते. कृषिपंपाची लाईन पाळीनुसार रात्री येते तेव्हा विहिरीवर कोणी नसते, आणि उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले तरी मोटार कोरडी फिरत राहते. म्हणून पाणी ठरावीक पातळीखाली जाताच स्टार्टर बंद करणारे साधे सर्किट मी बसवीत आहे.

विहिरीत स्टीलच्या दोन सळ्या सोडल्या आहेत. ॲडॉप्टरचे 12 व्होल्टचे धन टोक एका सळीला जोडले असून दुसऱ्या सळीची वायर 10 किलोओहमच्या रेझिस्टरमधून बीसी 547 बी ट्रान्झिस्टरच्या बेसला (नियंत्रण टोकाला) जाते. एमिटर ऋण टोकाला आहे, तर कलेक्टर आणि धन टोक यांच्यामध्ये 12 व्होल्टची, 400 ओहम कॉइलची रिले (विद्युतचुंबकाने चालणारा स्विच) आहे. कॉइलवर डायोडही उलटा जोडलेला आहे.

दोन्ही सळ्या पाण्यात असताना बेसवर 0.65 व्होल्ट मिळतात, तरी कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये 5 व्होल्ट शिल्लक राहतात, रिले ओढत नाही आणि ट्रान्झिस्टर कोमट होतो. सळ्यांच्या वायरी एकमेकींना टेकवल्या की मात्र रिले लगेच ओढते, त्यामुळे ट्रान्झिस्टर आणि रिले निर्दोष आहेत असे मी मानतो. बेसवर 0.7 व्होल्टच्या आसपास मिळाले की ट्रान्झिस्टर स्विचसारखा चालू होतो असे वाचले होते. मग तो मध्येच का अडकतो, आणि पूर्ण चालू होण्यासाठी नेमके काय मोजून पाहावे?

उत्तर:
आपली मापे नेमकी असल्यामुळे कारण सांगणे सोपे आहे. बेसवरचा व्होल्टेज हा येथे निकष धरू नये, कारण तो सुमारे 60 मिलिव्होल्टने वाढला तरी कलेक्टरचा प्रवाह दहापट होतो. हिशेब बेसच्या प्रवाहाचा करावा. कॉइलला 7 व्होल्ट मिळत आहेत, म्हणजे 17.5 मिलिॲम्पिअर वाहत आहेत. ट्रान्झिस्टरची प्रवाहवाढ (कलेक्टरचा प्रवाह बेसच्या प्रवाहाच्या कितीपट) 250 धरली तर पाण्यातून बेसला जेमतेम 0.07 मिलिॲम्पिअर येत आहे. अशा अवस्थेत तो स्विच नसून प्रवर्धक असतो. त्याच्यावर 5 व्होल्ट आणि त्याच्यातून 17.5 मिलिॲम्पिअर असल्याने जवळपास 90 मिलिवॉट उष्णता त्याच्यातच निर्माण होते, तर पूर्ण चालू अवस्थेत 0.2 व्होल्ट आणि 30 मिलिॲम्पिअरमुळे ती फक्त 6 मिलिवॉट असते. शिवाय 12 व्होल्टच्या रिलेला पहिल्यांदा ओढण्यासाठी साधारण 9 व्होल्ट लागतात.

खात्रीच्या स्विचसाठी बेसला कलेक्टर प्रवाहाचा दहावा भाग द्यावा, असा प्रघात आहे. येथे तो 3 मिलिॲम्पिअर होतो आणि एवढा प्रवाह आपल्या सळ्यांमधून मिळणार नाही. म्हणून आधी आणखी एक बीसी 547 घालावा. पाण्याकडून येणारी वायर याच 10 किलोओहममधून पहिल्याच्या, म्हणजे या नव्याच्या, बेसला न्यावी, त्याचा कलेक्टर 3.3 किलोओहममधून धन टोकाला आणि एमिटर दुसऱ्याच्या, म्हणजे आधीच्याच्या, बेसला जोडावा. दुसऱ्याच्या बेसला साधारण 3.4 मिलिॲम्पिअर मिळतील. त्यासाठी पहिल्याला 0.014 मिलिॲम्पिअर पुरेसे आहे, म्हणजे पाणी आज देत आहे त्याचा पाचवा भाग.

धागाकर्ता:
सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सळ्यांवर पांढरा थर बसू लागला आहे. त्याने पुढे पुन्हा हीच अडचण येईल का?

उत्तर:
येऊ शकते. एकाच दिशेचा प्रवाह पाण्यातून सतत वाहिल्याने सळ्यांवर थर बसतो आणि त्या झिजतातही. थरामुळे प्रवाह पाचव्या भागापर्यंत घटला तरी रिले ओढेल, म्हणून नवा ट्रान्झिस्टर येथेही उपयोगी पडेल. तरीही हंगामात अधूनमधून सळ्या घासून घ्याव्यात. ॲडॉप्टर मुख्य विजेपासून ट्रान्सफॉर्मरने वेगळा केलेलाच असावा, कारण सळ्या विहिरीच्या पाण्यात आहेत. स्टार्टरची कॉइल 415 व्होल्टची असेल, तर 250 व्होल्ट क्षमतेच्या छोट्या रिलेचे संपर्क तिच्या मार्गात थेट घालू नयेत. मध्ये योग्य क्षमतेचा काँटॅक्टर (रिलेसारखाच, पण मोठ्या क्षमतेचा स्विच) घ्यावा आणि ही जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.