संगणक मूळ चित्रपटातही होताच

हाताने चितारलेले चित्रपट आजच्या मुलांना जुनाट वाटतात, म्हणून ते संगणकावर नव्याने करावेत, असे काही जण म्हणतात; हा मुद्दा मला पटत नाही. मात्र ‘जुन्यात सगळे हातचेच होते’ हे त्यावरचे उत्तरही अर्धेच खरे आहे. १९९४ च्या ‘द लायन किंग’मधील पात्रे कागदावर पेन्सिलीने रेखाटलेली असली, तरी त्यांचे रंगकाम संगणकावर झाले होते आणि दरीतून उधळत येणारा विल्डबीस्ट या आफ्रिकेतील शिंगे असलेल्या प्राण्यांचा प्रचंड कळप तर संगणकानेच हलवलेला होता. म्हणजे हजारो खुरांचे कष्टाचे काम यंत्राकडे आणि चेहरे चित्रकाराकडे, अशी ती वाटणी होती, आणि माझ्या मते ती योग्यच होती.

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी सात वर्षांच्या भाचीला तो चित्रपट आणि त्याची २०१९ ची, संगणकावर केलेली नवी आवृत्ती लागोपाठच्या दोन रविवारी दाखवली. नव्यातील आयाळीचा केस न् केस तिने कौतुकाने पाहिला, पण मध्येच तिने विचारले, “मामा, हा आता रागावलाय का?” जुन्यात हा प्रश्न तिला पडला नव्हता, कारण तिथे सिंहाला भुवया होत्या.