घरात शुगर आली तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

नंदगडची_लेक
काल खानापूर स्टँडवर बेळगावच्या गाडीची वाट बघत बसले होते. शेजारी कॉलेजातली एक पोरगी. डबा उघडला, पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, सुई बसवली, पोटाला टोचून घेतलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी बघतच राहिले. अक्का आठवली.

१९८६. अक्का अकरा वर्षांची. रात्री चार-चार वेळा उठून तांब्याभर पाणी प्यायची, अंथरूण ओलं व्हायचं, आई रागवायची. फ्रॉक अंगावर ढगळ व्हायला लागला तेव्हा बेळगावला नेलं. टाइप १. शरीरानंच आपल्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकलेल्या. यात गोळी चालत नाही, इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, जन्मभर.

घरी फ्रिज नव्हता. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठात, माठ वाळूवर, वाळूवर रोज पाणी. काचेची सिरिंज सकाळी पातेल्यात उकळायची, त्या खडखडीनंच मला जाग यायची. लघवी तपासायला बेनेडिक्टचं निळं द्रावण. काचेच्या नळीत थोडं द्रावण, वर लघवीचे आठ थेंब, चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर. निळंच राहिलं तर आई देवाला हात जोडायची. हिरवं, पिवळं, आणि विटेसारखं लाल झालं की घरात कुणी बोलायचं नाही.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी झाडपाला सांगितला आणि सुई बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, खोल खोल श्वास, तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. जीप करून बेळगाव गाठलं. वाचली. त्यानंतर अप्पांनी सुईची वेळ कधी चुकवली नाही, पेरणीतसुद्धा शेतातून घरी यायचे.

आपल्या भागात घराघरात शुगर आहे. लिहा तुम्हीपण.

निपाणीची_सून
वाचून काटा आला. आमच्याकडे आषाढी एकादशी. सासूबाईंनी शुगरची सकाळची गोळी घेतली, ग्लिमेपिराइड, आणि उपास. अकराच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथर, काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. शेजारच्या आत्या म्हणाल्या अंगात आलंय, कुंकू आणा. मी शुगर बघायचं मशीन लावलं तर ४८! तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ८१. मग दहीभात चारला. देवाला मनातून क्षमा मागितली.

गोळ्यांच्या पाकिटावर ‘ऊटद मोदलु’ लिहिलेलं, म्हणजे जेवणाआधी. त्यांना कन्नड वाचता येत नाही, आणि जेवणच नसेल तर काय करायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. नंतर दवाखान्यातल्या सिस्टरनी हात धरून सांगितलं, “ऊट इल्लंद्र गुळिगी ब्याड, अज्जी.” जेवण नाही तर ही गोळी नाही. आता आमच्या घरात सगळे तेच म्हणतात.

संकेश्वर_गुऱ्हाळ
४८ म्हणजे लईच खाली. ७० च्या खाली गेलं की लगेच साखर द्यायची असते. पण शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, घशात अडकतं. सरळ दवाखाना.

आमचं गुऱ्हाळ होतं. वडील म्हणायचे साखर वाईट, गूळ चालतो. दिवसात पाच कप गुळाचा चहा. अहो गूळ म्हणजे उसाचीच साखर, रक्तात गेल्यावर काही फरक नाही. हे त्यांना पटेपर्यंत डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलेलं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळे तपासा. नजर स्पष्ट असली तरी तपासा.

येळ्ळूर_शिवार
आमच्या येळ्ळूरच्या बासमतीवर सगळे तुटून पडतात, म्हणतात भात बंद करा! वर्षभर शेतात राबून पिकवलेला भात टाकवत नाही हो. डॉक्टरांनी ताटच आखून दिलं. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात डाळ-उसळ, उरलेल्या पावात भात किंवा भाकरी, दोन्ही नाही. नशीब, भात राहिला.

रताळ्याचं कुणी सांगेल का? आमच्याकडे पोत्यांनी होतात.

संकेश्वर_गुऱ्हाळ
@येळ्ळूर_शिवार उकडून एक छोटं, त्या वेळी भाकरी कमी. तळून पाकात घातलेलं विसरा 😄 नवा बासमती आला का? दोन किलो ठेवा की माझ्यासाठी.

येळ्ळूर_शिवार
ठेवतो. येताना गूळ आणू नका तेवढं 🙏

वडगाव_मागवाला
मागावर बसलोय, थोडक्यात लिहितो. वडिलांना सकाळी २० युनिट इन्सुलिन. गेल्या श्रावणात एकदम तीनशेच्या वर शुगर, महिनाभर उतरेना. पथ्य पाळत होते, आई बिचारी शिव्या खात होती. शेवटी कंपाउंडरनं सिरिंज मागून बघितली. बाटली ४० वाली, म्हणजे एका मिलीलिटरात ४० युनिट, आणि मी दुकानातून आणलेल्या सिरिंजा १०० वाल्या, केशरी टोपणाच्या. त्यावर २० पर्यंत भरलं तर अंगात जातं फक्त ८ युनिट! ४० च्या बाटलीला लाल टोपणाची ४० वालीच सिरिंज लागते. उलटं झालं असतं, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर अडीच पट गेलं असतं आणि वडील झोपेतच… लिहवत नाही. बाटली आणि सिरिंज दोन्हीवरचा आकडा जुळवून बघा. बघाच.

निपाणीची_सून
बाप रे. आत्ता उठून आमच्या बघितल्या. दोन्हीवर ४० आहे.

हलगेकर_मामा
माझी गोष्ट लाजेची आहे पण लिहितो. रिपोर्टच्या आधी दोन दिवस भात बंद, सकाळी भुईकोट किल्ल्याला फेरी, उपाशीपोटी १०४. घरात मिरवायचो. मग डॉक्टरांनी एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करायला लावली, ९.१. ते म्हणाले रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तिच्यावर जी साखर चिकटते ती मोजतात, म्हणजे दोन-तीन महिन्यांचा हिशोब निघतो. साडेसहा किंवा वर म्हणजे मधुमेह. दोन दिवसांच्या पथ्यानं ती हलत नाही.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी मी आपल्या मनानं सोडली होती, पोट बिघडतं म्हणून. आता जेवणासोबत घेतो, त्रास नाही. ही गोळी यकृतातून रक्तात उतरणारी साखर कमी करते, म्हणून न खातासुद्धा सकाळी शुगर का वाढते ते तेव्हा कळलं. बरीच वर्षं घेत असाल तर बी१२ व्हिटॅमिन पण तपासून घ्या, पायाच्या मुंग्या त्यानंही येतात.

कडोली_ताई
मामा लाज कसली. माझ्या मिस्टरांनी दोन वर्षं इन्सुलिन टाळलं, सुई लागली म्हणजे माणूस संपला म्हणून. टाइप २ मध्ये, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होते त्या शुगरमध्येसुद्धा वर्षं जातील तसं स्वादुपिंड थकतं, गोळ्या पुऱ्या पडत नाहीत. त्यात रोग्याचा दोष नाही. सुई सुरू झाल्यावर महिन्यात चेहऱ्यावर तजेला आला.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर अनवाणी जायचा नवस होता त्यांचा. खाली आल्यावर मी पाय बघितले, तळव्याला रुपयाएवढा फोड फुटलेला, मातीनं भरलेला. शुगरनं पाय बधिर झालेले, त्यांना पत्ताच नाही! त्याआधी सहा महिने चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळत नव्हती आणि आम्ही हसत होतो. जखम भरायला तीन महिने गेले. आता रोज रात्री मी आरसा धरून तळवे बघते. पुढच्या वर्षी यल्लम्मा आईला सांगून चप्पल घालून जाणार. ती समजून घेईल.

वडगाव_मागवाला
घेईल की ताई. आईच ती.

हलगेकर_मामा
यंदा कुणाकडे मांडे करायलेत का? लग्नाची ऑर्डर आहे. (मला नको, पाहुण्यांना 🙂)

येळ्ळूर_शिवार
नंदगडची ताई, अक्का आता कशा आहेत?

नंदगडची_लेक
छान आहे! पन्नाशी ओलांडली. चंदगडला दिली, दोन मुलं. डोळ्याला एकदा लेसर झालंय. पोटावर रोज जागा बदलून टोचते, एकाच ठिकाणी टोचलं की गाठ येते आणि औषध नीट शोषत नाही. कालच्या पोरीचं सांगितलं तर म्हणाली, “स्टँडवर सगळ्यांसमोर? मी शाळेत असताना संडासात जाऊन घ्यायची.” मग बराच वेळ फोनवर बोललीच नाही.

शहापूर_काकू
सगळं वाचलं बाळांनो. परवापासून मलापण सुई सुरू झाली. ज्यादा बाटल्या फ्रीझरात ठेवल्यात, टिकाव्यात म्हणून. चालेल ना?

कडोली_ताई
काकू नाही! गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, वितळलं तरी. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, २ ते ८ अंशात. वापरात असलेली बाटली थंड जागी बाहेर राहिली तरी महिनाभर चालते.

शहापूर_काकू
आत्ता काढून बघितल्या. दोन्ही घट्ट झाल्यात.

कडोली_ताई
त्या टाकून द्या. चालू बाटली बाहेर आहे ना?

शहापूर_काकू
ती देव्हाऱ्याशेजारी आहे. ती ठीक दिसते. उद्या नातवाला नव्या आणायला पाठवते, सिरिंजवरचा आकडा पण बघायला सांगते. ४० ना?

वडगाव_मागवाला
बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा काकू. ४० असेल तर ४०.

शहापूर_काकू
चष्मा आणते थांब.