समलिंगी लग्नाला मान्यता महाराष्ट्र एकटा देऊ शकतो का?

प्रश्न: मी नाशिकची, पार्टनर साताऱ्याची, पुण्यात एकत्र राहतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हात वर केले, कायदा करणं संसदेचं आणि विधानसभांचं काम म्हणाले. मग आमदारांच्या मागे लागून काही उपयोग आहे का?

उत्तर १: आहे ना. विवाह समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांच्या यादीत) येतो, म्हणजे १९५४ च्या स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये विधानसभा राज्यापुरती दुरुस्ती करू शकते, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते आणि गाडी तिथेच अडणार हे उघड आहे. तरी आमदारांना पत्र द्याच, सभागृहात विषय निघाला तरी खूप झालं.

उत्तर २: माझा पूर्ण पाठिंबा. आमची आई तर म्हणते, करू दे की त्यांना लग्न, आपल्या घरचं काय जातंय!

उत्तर ३: लग्नाचं होईल तेव्हा होईल, तोवर मिळतंय ते पदरात पाडून घ्या. २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलंय की जॉइंट अकाउंटला, पार्टनरला नॉमिनी करायला आडकाठी नाही, रेशन कार्डावरही एकाच घरातले धरायचं. काउंटरवरचा माणूस ‘नातं काय’ या रकान्यावर अडला तर ते पत्रक मोबाइलवर दाखवा. आणि दोघींनी मृत्युपत्र कराच, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.