मदत हवी आहे: मुलाच्या ४० यार्डांच्या दोन वेळा आल्या आहेत, खरी कुठली धरायची?

हिरवळ

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, हायस्कूलचं दुसरं वर्ष आत्ताच संपलं. फुटबॉल खेळतो, म्हणजे इथला, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. वाइड रिसीव्हर आहे, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा. आम्हा दोघांपैकी कुणीच हा खेळ खेळलेलं नाही. जे काही कळतं ते स्टँडमध्ये बसून आणि त्यालाच विचारून विचारून.

मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर कोचने स्टॉपवॉच लावून सगळ्यांची ४० यार्ड पळायची वेळ मोजली. याचे ४.६८ सेकंद आले. त्या दिवशी तो बूटही न काढता स्वयंपाकघरात आला आणि मला आकडा सांगितला. नंतर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मी काही बोलले नाही, पण रोज कपडे ठेवताना ती चिठ्ठी दिसायची आणि बरं वाटायचं.

जूनमध्ये एका कॅम्पला नेलं. तिथे वेळ मोजायला लेझर होतं. पहिल्यांदा ५.०१, दुसऱ्यांदा ४.९७. परत येताना गाडीत तासभर एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर चिठ्ठी नव्हती.

आता त्याचं ठाम मत आहे की तीन महिन्यांत आपण मंद झालो. वर्षभरात तीन इंच उंची वाढली, त्यामुळेच असं झालं म्हणतो. रोज रात्री जेवणाआधी समोरच्या रस्त्यावर चाळीस-चाळीस यार्डांच्या दहा धावा काढतो. मधे दम खाणंही नाही. गेल्या आठवड्यात दोनदा उजव्या मांडीच्या मागे, अगदी वर, ओढल्यासारखं झालं म्हणाला, पण अंग गरम झालं की जातं म्हणे.

मला विचारायचं आहे ते असं. यातला कुठला आकडा खरा धरायचा? कॉलेजांच्या खेळाडू-भरतीच्या फॉर्मवर ४० यार्डांची वेळ विचारतात, तिथे काय लिहायचं? घरच्या घरी नीट मोजायची काही सोय आहे का? आणि सोळाव्या वर्षी वेग खरंच वाढवता येतो, की तो उपजतच असतो? जाणकारांनी कृपया सांगावं. मुलगा आतल्या आत खंतावतोय आणि मला त्याला काय सांगावं ते कळत नाही.

जुना_धावपटू

ताई, मुलगा मंद झालेला नाही, हे आधी त्याला सांगा. मी कॉलेजात १०० मीटर पळायचो, आता शनिवारी-रविवारी मुलांच्या ट्रॅक मीटला वेळ घ्यायला उभा राहतो. त्यामुळे हे प्रकरण रोज डोळ्यांसमोर आहे.

स्टॉपवॉच हातात घेऊन उभ्या माणसाचं काय होतं पाहा. ४० यार्डांच्या धावेला पिस्तूल नसतं. मुलगा स्वतःच्या मनाने सुटतो. तो हललेला डोळ्यांना दिसायचा, मग अंगठा दाबला जायचा. यात सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा जातो. म्हणजे घड्याळ सुरू होतं तेव्हा मुलगा आधीच निघालेला असतो. शेवटी मात्र मुलगा समोरून येताना दिसत असतो, अंगठा आधीच तयार असतो, त्यामुळे तिथे उशीर होत नाही, उलट कधीकधी जरा आधीच दाबलं जातं. सुरुवातीला वाचलेला वेळ शेवटी परत भरला जात नाही. हाताने घेतलेली वेळ कमी येते ती यामुळे, कोचने लबाडी केली म्हणून नव्हे. ट्रॅकमध्ये हे इतकं ठरलेलं आहे की १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात.

तुमच्या दोन आकड्यांत ०.२९ चा फरक आहे. त्यातले ०.२ च्या वर तर अंगठ्याचेच गेले. उरलेल्यासाठी गवत की टर्फ (कृत्रिम गवत), वारा मागून की पुढून, दिवसभराच्या कॅम्पमध्ये आधी काय काय करून घेतलं, एवढी कारणं पुरेशी आहेत.

अजून एक हिशेब त्याच्यासमोर मांडा. २००९ साली बर्लिनला उसेन बोल्टने ९.५८ चा विक्रम केला, तेव्हा ४० मीटरला तो ४.६४ सेकंदांत पोचला होता. त्यातले ०.१४६ पिस्तुलाच्या आवाजानंतर हलेपर्यंतचे. ते वजा करा. ४० यार्ड म्हणजे ३६.५८ मीटर, तेव्हा उरलेल्या साडेतीन मीटरचे आणखी ०.२९ वजा करा. उत्तर येतं साधारण ४.२०. जगातला सर्वांत वेगवान माणूस, खिळ्यांचे बूट, पाय रोवायला ब्लॉक्स, आणि अचूक घड्याळावर ४.२०. आता शाळेशाळेत ऐकू येणारे ४.४ किती खरे असतील ते त्यालाच ठरवू द्या. सोळाव्या वर्षी लेझरवर ४.९७ म्हणजे मुलगा चांगला पळतोय.

मैदानकर

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, एक भर घालतो. इंडियानापोलिसला एनएफएल कम्बाइन होतं, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या खेळाडूंची चाचणी, तिथेही पूर्ण यंत्र नाही. सुरुवात माणूस बटण दाबून करतो, शेवट किरण तोडून नोंदला जातो. २०२४ मध्ये झेव्हियर वर्दीचे ४.२१ आले, त्याआधी २०१७ मध्ये जॉन रॉसचे ४.२२ होते, ते असे मोजलेले. म्हणून टीव्हीवरच्या आकड्याशी कॅम्पच्या लेझरचा आकडा लावून बघायचा नाही. लेझरमध्येही प्रकार आहेत: कुठे सुटताना जमिनीवर टेकलेला हात उचलला की घड्याळ सुरू होतं, कुठे पहिला किरण मुलाच्या अर्धा मीटर पुढे असतो आणि तो तोडल्यावर सुरू होतं. दुसऱ्या प्रकारात वेळ कमी येते. कॅम्पला काय होतं ते मुलाला विचारा, त्याला नक्की आठवत असेल.

फॉर्मवर ४.९७ लिहा आणि पुढे ‘लेझर’ असा शब्द लिहा. ४.६८ लिहायचा मोह होईल, इतर मुलं तेच करतात. पण भरती करणाऱ्या कोचांना हाताने घेतलेल्या वेळा पाठ झालेल्या असतात, आणि कॉलेजच्या कॅम्पला पुन्हा पळवतातच. तिथे आकडा उघडा पडला की बाकीच्या माहितीवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा वसंतात ट्रॅक टीममध्ये घाला. अधिकृत मीटमधली इलेक्ट्रॉनिक १०० मीटर कुणी नाकारत नाही.

फिजिओ_मावशी

वेळेचं बाजूला ठेवा. ‘मांडीच्या मागे, अगदी वर, ओढल्यासारखं’ हे वाचून लिहायला बसले.

हिरवळताई, या वयात हे अंगावर काढायचं नसतं. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू जिथून निघतात ते बसायचं हाड वाढत्या मुलांमध्ये पुरतं जुळलेलं नसतं. मोठ्या माणसाचा स्नायू दुखावतो, तसंच जोरात पळताना मुलाच्या हाडाचा तुकडा स्नायूबरोबर ओढला जाऊ शकतो. नेहमीच तसं असतं असं नाही, बहुतेक वेळा साधा ताणच असतो. पण तो फरक घरी बसून कळत नाही. खुर्चीच्या कडेवर बसलं की एका बाजूला टोचतं का, त्या हाडावर बोट दाबल्यावर दुखतं का, हे आजच बघा. टोचत असेल, दुखत असेल, लंगडत असेल, किंवा पळताना ‘टक्’ असा आवाज झाला असेल तर लगेच डॉक्टर आणि एक्सरे. नसेल तरी शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याला) या आठवड्यात दाखवा. तोवर पळणं बंद. रात्रीच्या त्या दहा धावा आजपासून बंद.

अंग गरम झाल्यावर दुखणं जातं म्हणून ते गेलं असं होत नाही.

आणि उंचीबद्दल तो म्हणतोय त्यात थोडं तथ्य आहे. वर्षात तीन इंच म्हणजे हाडं पुढे गेली, स्नायू आणि समतोल मागे राहिले. काही महिने मुलं अवघडल्यासारखी पळतात, मग बसतं.

हिरवळ

मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून तशीच उठले. बोट दाबून पाहिलं. हाडावर दुखत नाही, त्याच्या चार बोटं खाली स्नायूत दुखतं. आवाज वगैरे काही झाला नव्हता म्हणाला. उद्या सकाळी ट्रेनरकडे नेते. पळणं बंद म्हटल्यावर रागावला आहे, पण बोल्टचा हिशेब मी कागदावर करून त्याच्यापुढे ठेवला. तो त्याने स्वतः पुन्हा केला, मग फोनवर मित्राला सांगत होता.

जुना_धावपटू

तो बरा होईपर्यंत मोजण्याची पद्धत लिहून ठेवतो. महागडं काही लागत नाही. फोनवर सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन असेल तर एका चित्राला ०.००४ सेकंद लागतो, अंगठ्यापेक्षा कितीतरी अचूक. साध्या ३० चित्रांच्या व्हिडिओत हीच चूक ०.०३३ होते.

फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांना रेघ असते, त्यामुळे टेप लागत नाही: गोल लाइनवरून सुटायचं, ४० च्या रेघेवर संपवायचं. १०, २० आणि ४० ला एकेक काठी रोवा, मुलाच्या वाटेला अगदी खेटून. काठी लांब रोवली तर कॅमेरा तिरपा बघतो आणि मुलगा रेघेवर नेमका कधी पोचला ते चुकीचं दिसतं. फोन तिवईवर, २० च्या रेघेच्या सरळ बाजूला, दोन्ही टोकं दिसतील इतका दूर. मग घरी व्हिडिओ एकेक चित्राने पुढे नेत, जमिनीवरचा हात सुटला ते चित्र आणि छाती काठीच्या रेषेत आली ते चित्र, यांमधली चित्रं मोजा आणि २४० ने भागा. दर वेळी तेच मैदान, तेच बूट. वारा असेल त्या दिवशी मोजू नका.

आणि ४० चा एकच आकडा बघू नका. पहिले १० यार्ड वेगळे काढा. खरी चोरी तिथे सापडते.

मैदानकर

सरावाबद्दलही सांगतो, कारण रात्रीच्या दहा धावा वाचून वाईट वाटलं. विश्रांती न घेता पळलेल्या दहा धावांपैकी पहिल्या दोन वेगाच्या, उरलेल्या आठ दमाच्या. शाळेत गॅसर्स करून घेतात, मैदानाच्या ५३ यार्ड रुंदीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते दमासाठी चांगले आहेत, वेगासाठी नाहीत. वेगासाठी १० आणि २० यार्डांच्या मोजक्या धावा, प्रत्येक पूर्ण ताकदीने, मधे दोन-तीन मिनिटं चक्क उभं राहायचं. आठवड्यातून दोनदा पुरे. वेळ वाढायला लागली की त्या दिवसाचं काम संपलं. जोडीला स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून हळूहळू पुढे झुकायचा व्यायाम), अर्थात ट्रेनरने परवानगी दिल्यावरच.

उपजत असतं का? बरंचसं असतं. पण सुटणं शिकता येतं, आणि सोळाव्या वर्षी अंगात ताकदही अजून यायची असते.

हिरवळ

महिन्याने लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. ट्रेनरने साधा ताण सांगितला. तीन आठवडे पूर्ण वेगाने पळणं बंद होतं, व्यायाम त्यांनीच दिले, मग हळूहळू वेग वाढवायला लावला. आता दुखत नाही.

काल सकाळी वारा नव्हता. आम्ही दोघं मैदानावर गेलो, काठ्या त्याने रोवल्या, फोन मी धरला, म्हणजे तिवईवर लावून बाजूला उभी राहिले. तीन धावा झाल्या. रात्री जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून चित्रं मोजली. सगळ्यात चांगली धाव अशी: १० यार्ड १.८४, २० यार्ड २.९६, ४० यार्ड ५.०३.

एकेक चित्र पुढे नेताना जे दिसलं ते मलाही कळलं. हात सुटला, पहिलं पाऊल पडलं, आणि दुसऱ्या पावलालाच पाठ ताठ, मान वर. जणू कुणी हाक मारली म्हणून उभा राहिलाय. तो स्वतःच म्हणाला, “आई, मी पळायच्या आधीच उठतोय.” शेवटचे वीस यार्ड मात्र २.०७. ते चांगले आहेत का?

जुना_धावपटू

ताई, छान आहेत. दर १० यार्डांना १.०३५ म्हणजे ताशी पावणेवीस मैल. तीन आठवडे थांबलेल्या मुलाने ५.०३ काढले, याचा अर्थ कॅम्पचे ४.९७ खरे होते. वेग त्याच्याकडे आहे. जातंय ते पहिल्या १० यार्डांत. कम्बाइनमधली वेगवान मुलं तिथे दीड सेकंदाच्या आसपास असतात. तीन बोटांवर बसल्यावर वजन पुढच्या हातावर आहे का, आणि पहिली सहा-सात पावलं नजर जमिनीकडे राहते का, एवढंच पुढचे सहा आठवडे बघा. फक्त १० यार्ड मोजा. ४० मोजूच नका.

हिरवळ

आभार. त्याला वाचून दाखवलं. आज कपाटाच्या दाराला नवी चिठ्ठी आहे, तिच्यावर १.८४.

एकच शेवटचं विचारते: सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो, तेव्हा शाळेचे गॅसर्स आणि हे १० यार्डांचे दिवस एकाच दिवशी आले तर आधी काय करायचं?

मैदानकर

वेग आधी, अंग ताजं असताना. कोचना आधीच सांगून ठेवा की हॅमस्ट्रिंग नुकतंच बरं झालंय, म्हणजे गॅसर्सची संख्या तेच ठरवतील.