मदत हवी आहे: चेनप्लेट गळतेय, डोलकाठी न उतरवता बदलता येईल का?

खारावारा
माझ्या शिडाच्या बोटीत उजवीकडच्या वरच्या शराउडची (डोलकाठीला बाजूने ताणून धरणारी वायर) चेनप्लेट, म्हणजे ती वायर बोटीला जोडणारी धातूची पट्टी, डेकमधून आत येते तिथे गळतेय. आत बल्कहेडवर (बोटीतली आडवी भिंत) तपकिरी ओघळ आलाय. वरून सिलिकोन तीनदा लावलं, पाऊस पडला की पुन्हा तेच. डोलकाठी न उतरवता प्लेट काढता येते का? शनिवारी बाहेर पडायचंय, लवकर सांगा.

नटबोल्ट
बोट किती फुटी, कोणत्या सालची? उभी कुठे आहे? प्लेट बल्कहेडला बोल्टने बसवलीय की हलमध्ये (बोटीच्या कवचात) लॅमिनेट केलेली? डेकच्या थरांमध्ये बाल्सा (हलकं लाकूड) आहे का?

खारावारा
३० फुटी, १९७९. अलमेडा, सॅन फ्रान्सिस्को बे. बल्कहेडला पाच बोल्ट. बाल्साचं कसं कळणार?

दर्यागंध
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकत जा. चांगली जागा खणखणीत वाजते, कुजलेली बद्द. बल्कहेडच्या प्लायवूडला ओघळाखाली टोच्या लावून बघा.

शीडवाला
वायर काढून डायनीमा (मजबूत कृत्रिम दोर) लावा. वजनाला हलकं, गंजायचा प्रश्नच नाही.

नटबोल्ट
डायनीमासुद्धा त्याच प्लेटला अडकणार, शीडवाले! प्रश्न वायरचा नाही.

खारावारा, डोलकाठी उभी राहू द्या. धक्क्याला बांधलेली असताना, सकाळीच करा. उन्हाळ्यात तिथे दुपारी २० नॉटच्या वर वारा येतो. मेन हॅलियार्ड (मोठं शीड वर ओढायचा दोर) त्याच बाजूला भक्कम जागी बांधून विंचवर ताणा, मगच टर्नबकल (शराउडचा ताण कमीजास्त करायचा स्क्रू) सैल करा. आटे किती फिरवले ते लिहून ठेवा. एका वेळी एकच प्लेट.

काढल्यावर डेकच्या जाडीत अडकलेला इंच-दीड इंच भाग बघा. स्टेनलेसवरचा संरक्षक थर ऑक्सिजनवर टिकतो. ओल्या, हवाबंद फटीत तो जातो आणि खड्डे पडून आडवी चीर धरते. वरून सिलिकोन थापल्याने आतली ओल आतच राहिली.

चीर शोधायला डाय टेस्ट करा: प्लेट स्वच्छ करा, लाल डाय १०-१५ मिनिटं ठेवा, फडक्याने पुसा. क्लीनर प्लेटवर थेट मारू नका, चिरेतला डायही धुऊन जाईल. मग पांढरा डेव्हलपर. लाल रेघ उमटली की प्लेट बाद. वेल्डिंग अजिबात नको.

मांडवी२७
इतक्या जुन्या प्लेटची टेस्ट कशाला? ३१६एल स्टेनलेसची पट्टी घ्या, जाडी जुनीएवढी किंवा एक माप जास्त. भोकं पाडून झाली की कडांसकट आरशासारखी पॉलिश करा, ओरखड्यातूनच गंज सुरू होतो. मी तर टायटॅनियमच सांगेन.

नटबोल्ट
बदलायचीच आहे, मान्य. टेस्ट बाकीच्या प्लेटांसाठी, आधी कोणती काढायची ते कळतं. टायटॅनियम उत्तम, पण डेक कुजका ठेवून महाग प्लेट लावण्यात अर्थ नाही. आणि वरचं भोक ओढून लांबट झालं असेल तर जुनी प्लेट नमुना म्हणून वापरू नका.

खारावारा
ठोकून आलो. प्लेटच्या पुढे वीतभर बद्द वाजतंय. टोच्या खालच्या दोन बोल्टांपाशी १ सेंमी आत गेला. शनिवारचं काय?

दर्यागंध
शनिवार रद्द करा. ते दोन बोल्ट आता काही धरत नाहीयेत, भार वरच्या तिघांवर आहे. प्लायवूड टणक भागापर्यंत कापून नवा तुकडा स्कार्फ जोडाने (दोन्ही कडा तिरक्या कापून), इपॉक्सीत बसवा.

डेकच्या खाचेतून वाकवलेला खिळा ड्रिलला लावून चहूबाजूंनी १२ मिमी बाल्सा खरवडा. बद्द भाग मोठा आहे, तिथे डेकची वरची कातडी (बाल्सावरचा थर) उघडावीच लागेल. पूर्ण वाळू द्या, मग कोलॉइडल सिलिका (घट्ट करणारी पूड) घातलेली इपॉक्सी भरा आणि खाच नव्याने कापा. वरच्या कडेला चँफर (तिरका काप), त्यात ब्युटिल टेप (चिकट, लवचिक सीलिंग पट्टी).

मांडवी२७
ब्युटिलऐवजी पॉलियुरेथेन लावा, घट्ट धरतं.

दर्यागंध
घट्ट धरतं म्हणूनच नको. प्लेट थोडी हलते, ब्युटिल ताणून चिकटलेलं राहतं. शिवाय पुढच्या तपासणीला सहज सुटतं.

खारावारा
बोल्ट जुनेच चालतील?

नटबोल्ट
नाही. त्याच व्यासाचे नवे ३१६ घ्या, आट्यांना अँटी-सीझ लावा, नाहीतर नट मध्येच जाम होतो. लांबी मोजताना प्लेट, प्लायवूड, मागची पट्टी, वॉशर, नट आणि वर दोन आटे धरा. आटे प्लेटच्या भोकात येता कामा नयेत, तिथे बोल्टचा गुळगुळीत भागच हवा. मागची पट्टी किती जाड आहे?