गड्ड्याला जनावरांच्या बाजारात शाळकरी मुलामुलींचा वेगळा गट हवा की नको?

सीनाकाठ
संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तिच्यासोबत जनावरांचा बाजारही भरतो. होम मैदानावर कृषी प्रदर्शन होतं. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीच्या पालखी तळावर खिलार जातीच्या जनावरांनी रान भरून जातं. पण कासरा धरून उभे असतात ते चाळिशी-पन्नाशीचे. पोरं मोबाईल घेऊन दीड टनाच्या मुऱ्हा जातीच्या रेड्याभोवती. तो रेडा इथला नाही आणि त्याला वाढवणारा हातही इथला नाही.

माझं म्हणणं असं, की बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींचा एक वेगळा गट ठेवा. बक्षीस जनावराच्या उंचीला नको, पोरानं केलेल्या संगोपनाला द्या. वर्षभराची वही हवी: वैरण किती, पेंड किती, जंताचं औषध कधी पाजलं, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, खर्च किती झाला. वजनकाटा नसला तरी टेपनं वजन काढता येतं. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याला घेरानंच गुणायचं, मग अंगाच्या लांबीनं (तीही इंचात) गुणायचं आणि 660 नं भागायचं. घेर 50 आणि लांबी 45 भरली तर जनावर 170 किलोच्या आसपास. हे गणित सातवीचं पोर करतं आणि एकदा केलं की विसरत नाही.

अमेरिकेत 1902 साली ओहायोत मुलांचे शेतीगट सुरू झाले, त्यातूनच पुढे 'फोर-एच' हे मुलांचं संघटन उभं राहिलं. तिथल्या जत्रांत एक गट असा असतो की परीक्षक जनावराला नाही, ते धरणाऱ्या मुलाला गुण देतात. आपल्याला तेवढंच घ्यायचं आहे.

आणि आपल्याकडे हा गट कालवडींचा असावा. 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल लागला, बैलगाडा शर्यतींवरची टांगती तलवार गेली आणि खोंडांचे भाव चढले. चांगलं झालं. पण खोंड ज्या गाईच्या पोटी येतो ती खिलार गाय दूध कमी देते म्हणून दावणीवरून उठते आहे. तिला कोण सांभाळणार?

दवाखान्यातला
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो आणि या कल्पनेला माझा विरोध आहे. प्रदर्शन जवळ आलं की काय चालतं ते आम्ही बघतो. जनावर भरलेलं दिसावं म्हणून गव्हाचं पीठ, मक्याचा भरडा, अंडी, गूळ असं एकदम सुरू करतात. रवंथ करणाऱ्या पोटाला कडबा लागतो. पिठाचा मारा झाला की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबते, पोट फुगतं, शेण पातळ आणि आंबूस होतं. जनावर वाचलं तरी खुरं धरतं आणि महिनोन्महिने लंगडतं. मोठी माणसं बक्षिसापायी हे करतात. चौदा वर्षांच्या पोराला हार सोसायची नसते, ते दुप्पट करील.

दुसरं, 2022 ला लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा राज्यातले बाजार बंद करावे लागले. शंभर गावांची जनावरं एका मैदानात बांधणं हा मुलांचा खेळ नाही.

बाळीवेस
शहरातला माणूस म्हणून बोलतो, राग मानू नका. संक्रांत जानेवारीत. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, तिच्यामागोमाग दहावी. कुठली आई पोराला त्या दिवसांत गोठ्यात पाठवील?

आणि फोर-एचचं अर्धंच सांगितलंत. तिथे मूल वासरू, डुक्कर, कोकरू वाढवतं, नाव ठेवतं, अंघोळ घालतं. जत्रा संपताना त्याचा लिलाव होतो आणि बहुतेक जनावरं कत्तलखान्यात जातात. आपण आपल्या मुलांना तेच शिकवायचं का? आपल्याकडे 2015 पासून बैल-खोंडाच्या कत्तलीवर बंदी आहे हे खरं. पण बोकड आणि मेंढा? त्यांच्या गटातलं पोर बक्षीस घेऊन घरी जाईल आणि जनावर कुठं जाईल?

सीनाकाठ
दवाखान्यातले, तुम्ही सांगितलं ते प्रत्येक पोराच्या वहीच्या पहिल्या पानावर छापायला हवं. वही त्यासाठीच मागतोय. महिन्याला टेप लावलेला असला तर शेवटच्या पंधरा दिवसांत फुगवलेलं जनावर आकड्यातच पकडलं जातं. अशा जनावराला बाद करा, पोराच्या देखत, कारण सांगून.

परीक्षेचं बाळीवेस यांचं बरोबर आहे. मग वाखरी धरा. कार्तिकी दिवाळीनंतर दहा-अकरा दिवसांत येते, तेव्हा परीक्षेला अवकाश असतो.

कत्तलीबद्दल मात्र वेगळं मत आहे. ज्या घरात बोकड वाढतो त्या घरातल्या पोराला तो कुठं जातो ते ठाऊक असतं. आपण लपवल्यानं ते लपत नाही. उलट त्याला विकताना भाव कसा करायचा, रुमालाखाली बोटं धरून आकडा कसा सांगतात, दलाल मधले पैसे कुठं मारतो, हे त्यानं बापाशेजारी उभं राहून बघावं.

वाड्यावरचा
सांगोल्याकडचा हाय. आमची मेंढरं. तुमी सगळी शिकल्याली माणसं दिसताय म्हणून लिवतो.

तुमच्या पोरांस्नी जनावर सांभाळणं म्हंजी गुण शिकणं. आमच्या पोरांचा त्यो जन्मच हाय. दिवाळी झाली की वाडा, म्हंजी मेंढरं आन् सगळं बिऱ्हाड, चाऱ्यामागं निघतो. घोड्यावर बिऱ्हाड, वाघर, कोंबड्या, ल्हान लेकरं. माझा थोरला सहावीतनं सुटला. मेंढीचं दुखणं तो तिच्या चालीवरनं वळखतो, आडलेली मेंढी मोकळी करतो. त्याला कुणी फेटा बांधला न्हाय. आता धाकट्याला आश्रमशाळेत घातलाय, त्याचा हात मी मेंढराला लावू दिना. तुमी म्हनता पोरास्नी जनावराकडं वळवा. आमी म्हनतो आमची तिथनं सोडवा.

बक्षीस द्यायचंच तर शाळेत गेलेल्या मेंढपाळाच्या पोराला द्या.

माळशिरसची
वाड्यावरचे दादा, तुमचं वाचून थांबले. तुमचं म्हणणं खोडायचं नाही, पण माझंही ऐका.

आमच्या घरी पंढरपुरी म्हशी. त्यांची शिंगं तलवारीसारखी खांद्यामागे जातात, बघायला लोक येतात. धार आई काढते, शेण मी काढते, पारडाला ताक-औषध मी पाजते. म्हैस माजावर आली हे पहिलं मला कळतं, कारण पहाटे गोठ्यात मीच असते. प्रदर्शनाच्या दिवशी म्हशीला तेल लावून मी चमकवते आणि कासरा चुलतभाऊ धरतो. पेपरात फोटो त्याचा. गेल्या वर्षी परीक्षकांनी त्याला विचारलं, कितव्या वेताची? त्यानं माझ्याकडे बघितलं.

मला हा गट हवा आहे. आणि त्यात एक नियम हवा, की ज्यानं केलं त्यानंच धरायचं.

दवाखान्यातला
ताई, तुमच्या नियमाला माझा पाठिंबा. गटाला अजून नाही. निदान एवढं तरी मान्य करा: कानात ओळखीचा बारा आकडी बिल्ला असेल आणि लस टोचून तीन आठवडे झाले असतील तरच जनावर आत. सावली आणि पाण्याची सोय आयोजकांनी आधी दाखवायची. बक्षीस रोख नको. रोख आलं की बाप येतो, बापामागनं पुढारी येतो आणि पोर मागं राहतं.

बाळीवेस
रोख नसेल तर माझा निम्मा विरोध संपतो. उरलेला निम्मा वाड्यावरच्या दादांनी जे सांगितलं त्यात आहे. त्याचं उत्तर सीनाकाठ यांनी अजून दिलेलं नाही.

सीनाकाठ
देतो. शाळेत नाव असलेलं आणि हजेरी भरलेलं मूलच या गटात यावं, ही अट मी माझ्या मागणीत घालतो. बक्षीस म्हणून वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च. मेंढ्यांचा गट पहिल्या वर्षापासून. आणि परीक्षकांत एक जण वाड्यावरचा असावा, त्यांच्या थोरल्यासारखा, मेंढीची चाल वाचणारा. त्याला मानधन आणि फेटा दोन्ही.

वाड्यावरचा
थोरला येईल. पण कार्तिकीला न्हाय, तवा आमी वाटंला लागल्यालं असतो. आषाढात ठिवा.