मदत हवी आहे: ताज्या ड्युरियनच्या इम्पोर्टचे नियम (अर्जंट!!)

घाईघाई, बुधवार सकाळी ९:१०
मंडळी, ड्युरियनचा कंटेनर अडकलाय. फायटो (मालात कीड-रोग नाही असं सरकारी प्रमाणपत्र) मिळत नाहीये. खिडकीवरची बाई म्हणते नंबर जुळत नाही. कुठला नंबर ते ती तिच्या भाषेत सांगते आणि आमचा पोरगा भाषांतर करताना निम्मं गिळतो. गाडी उद्या रात्री सुटायलाच हवी, फळ तोडून दुसरा दिवस आहे. इम्पोर्टचे नियम नक्की काय आहेत? ज्यांनी हे काम केलंय त्यांनीच लिहा, गूगल मलाही येतं.

गाळा नंबर सात, ९:३२
पंचवीस वर्षं वाशीला फळांत आहे म्हणून लिहितो. प्लांट क्वारंटाइन ऑर्डर २००३ काढून बघा. फळ आणि देश ही जोडी त्यातल्या यादीत नसेल तर आधी किडींच्या जोखमीचा अभ्यास होणार, म्हणजे विषय संपला. यादीत असेल तर परवाना माल निघायच्या आधी काढायचा. समोरच्या देशाचं फायटो, त्यावर मागितलेली विधानं शब्दशः. एफएसएसएआयचं इम्पोर्टरचं लायसन्स, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. लाकडी पॅलेट असतील तर लाकडातली कीड मारल्याचा आयएसपीएम १५ चा शिक्का. एचएस कोड, म्हणजे कस्टम्सचा मालाचा नंबर, ०८१०६०. तुम्ही 'इतर फळं' मध्ये टाकलं असणार. नंबर तोच, लिहून घ्या.

सईची आई, ९:४०
ड्युरियन म्हणजे तो घाण वासाचा फणस ना? आमच्या ह्यांनी बँकॉकहून आणला होता, बॅग तीन दिवस गच्चीत ठेवली.

बरक्या, ९:५१
ताई, फणस नव्हे हो. फणस वडा-अंजिराच्या कुळातला. ड्युरियन काटेसावर, कापूस, भेंडी यांच्यातला. वर काटे आणि आत गरे दिसले की सगळे फणसाच्या गळ्यात पडतात. आपल्याकडे निलगिरीत बर्लियारला ड्युरियनची झाडं आहेत. मूल होण्यासाठी गुणकारी म्हणून लांबून लोक येतात घ्यायला.

सिंगापुरी शेव, १०:०५
इथे एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, ड्युरियन नेता येत नाही, चित्रासकट पाटी असते. पण खायचा तर मलेशियाचा मुसांग किंग खा, थायलंडचा मोंथोंग नुसता गोड. मलेशियात फळ झाडावर पिकून आपोआप पडतं, थाई लोक आधीच कापतात. म्हणूनच मलेशियाचं अख्खं फळ चीनला २०१९ पासून फक्त गोठवून जायचं, ताज्याला २०२४ मध्ये परवानगी मिळाली.

घाईघाई, १०:२०
अहो माल मुंबईला येत नाहीये!! मी चांथाबुरीत आहे. थायलंड. माल चीनला जायचाय. मला वाटलं ताजा ड्युरियन, कंटेनर, मे महिना म्हटल्यावर चीन हे कळतंच.

गाळा नंबर सात, १०:२४
कसं कळणार? चांथाबुरी काय जुन्नरच्या पुढे लागते?

लाम चाबांग, १०:४१
आता बोलूया. बँकॉकला फ्रेटमध्ये, म्हणजे मालवाहतुकीत आहे, सीझनला हेच काम. घाईघाई, चार गोष्टी सांगा.
पॅकिंग हाउस तुमचं की भाड्याचं? माल किती बागांचा? बेसिक यलो २ आणि कॅडमियमचा रिपोर्ट आहे का, आणि नमुना कुठल्या मालातून घेतला? गाडी व्हिएतनाममधून जाणार की लाओसमधून?

घाईघाई, ११:०२
पॅकिंग हाउस भाड्याचं. रिपोर्ट आहे, दोन्हीत पास. गाडी व्हिएतनाममार्गे चीनच्या सीमेवर यौयीक्वानला. ड्यूटीचं विचारणार असाल तर शून्य आहे, २००३ पासून आहे, तो प्रश्नच नाही.

लाम चाबांग, ११:०५
ड्यूटीचं कोणी विचारलंच नव्हतं. बागा किती?

तर्रीबाज, ११:१५
बेसिक यलो २ म्हणजे काय? मेथीत घालतात तो हिरवा रंग ऐकला होता.

लाम चाबांग, ११:३०
ऑरामाइन ओ. कपड्याचा पिवळा रंग, खाण्यात बंदी. साल छान पिवळी दिसावी म्हणून फळ रंगाच्या पाण्यात बुडवायची सवय काहींना लागली. चीनने तो पकडला आणि १० जानेवारी २०२५ पासून प्रत्येक खेपेला चाचणीचा रिपोर्ट मागितला, मान्यता असलेल्या लॅबचाच. सोबत कॅडमियम हा विषारी धातू, कारण ताज्या फळात त्यांची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. त्या जानेवारीत कंटेनर सीमेवरून परत आलेत.

सईची आई, ११:३८
मग सरळ हळद लावावी. आमच्या सांगलीची पाठवू का?

नाशिकचा मणी, ११:४४
हळद राहू द्या. तो बागांचा प्रश्न टाळतोय, लक्षात येतंय का कुणाच्या? २०१० ला आमची द्राक्षं युरोपात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून अडकली होती, मी तेव्हा नवीन होतो. ग्रेपनेट या द्राक्ष निर्यातीच्या नोंदणीत प्रत्येक प्लॉटचा नोंदणी नंबर असतो. पेटीवरून थेट बागेपर्यंत जाता येतं. त्या वर्षी पाव्हण्याचा माल माझ्या नंबरात घातला होता, दोनच क्विंटल. पुढे काय झालं ते विचारू नका. पाव्हणा अजून बोलत नाही.

घाईघाई, १२:१०
बागा तीन. म्हणजे दोन, आणि थोडा माल शेजारच्या बागेचा. वादळात फळ गळालं, कंटेनर भरत नव्हता. अठरा टनांना सव्वादोन टन कमी पडत होता. तोही मोंथोंगच, ड्राय मॅटर (गरातला कोरडा भाग, फळ तयार झाल्याची खूण) बत्तीस टक्क्यांच्या वर तपासून घेतलंय, एकही फळ कवळं नाही.

लाम चाबांग, १२:१८
हे सकाळी नऊला लिहायचं होतं.

बाई म्हणते तो नंबर बागेचा. प्रत्येक बागेला गॅपचा, म्हणजे चांगल्या शेतीच्या प्रमाणपत्राचा नंबर, पॅकिंग हाउसला त्याचा नंबर, आणि दोन्ही चीनच्या कस्टम्सच्या यादीत हवेत. प्रत्येक पेटीवर दोन्ही छापलेले, शिवाय माल चीनसाठी आहे ही ओळ. शेजारचा माल कुठल्या नंबरात घातला?

गाळा नंबर सात, १२:२५
उगाच घाबरवू नका माणसाला. शेजारचीच बाग, तीच माती, तीच जात. आपल्या नंबरात दाखवायचा आणि मोकळं व्हायचं. व्यापारात एवढं चालतं.

लाम चाबांग, १२:३३
साहेब, इथे त्याला नाव आहे: सुआम सिथ, म्हणजे दुसऱ्याचा हक्क अंगावर चढवणं. थाई सरकारची चार 'नाही' ची मोहीम आहे: कवळं नाही, अळी नाही, सुआम सिथ नाही, रंग-रसायन नाही. पेटीत पिठ्या ढेकूण ही कीड सापडली तर चीन त्या नंबराची बाग आणि पॅकिंग हाउस दोन्ही थांबवतं. बाग याची नाही, हाउस भाड्याचं. थांबेल ते दुसऱ्याचं. आणि रिपोर्ट दोन बागांच्या मालाचा, तिसऱ्या बागेचं कॅडमियम कोणी बघितलं?

गाळा नंबर सात, १२:३६
बरं, तुमचं फ्रेट. माझा अनुभव सांगितला.

सिंगापुरी शेव, १२:५०
व्हिएतनाममार्गे जाण्यापेक्षा लाओस-चीन रेल्वे का नाही घेत? डिसेंबर २०२१ पासून सुरू आहे. आमच्या ओळखीचे...

लाम चाबांग, १२:५२
पेटीवरचा नंबर चुकला असेल तर रेल्वे काय करणार? घाईघाई, शेजाऱ्याचा गॅप कागद बघा. तारीख चालू असेल आणि बाग चीनच्या यादीत असेल तर त्या पेट्यांवर त्याचा नंबर, पॅकिंग लिस्टमध्ये तिसरी ओळ, त्या मालाचा वेगळा नमुना. नसेल तर पेट्या उतरवा.

नाशिकचा मणी, १२:५८
उतरवाच.

घाईघाई, संध्याकाळी ७:४०
शेजाऱ्याचं गॅप मार्चमध्येच संपलंय. नूतनीकरणाला दिलंय म्हणाला, पावती दाखवेना. सव्वाशे पेट्या उतरवल्या, इथल्याच बाजारात दिल्या, भावाचं विचारू नका. कंटेनर अर्धवट जाईल, साहेब ओरडले. लिस्ट नवीन केली, बाईने बघून मान हलवली. फायटो उद्या दुपारी म्हणालीय. पोरग्याने यावेळी पूर्ण भाषांतर केलं.

लाम चाबांग, ७:५५
दुपार म्हणजे तीन समजा. रीफर, म्हणजे थंड कंटेनर, १३ ते १५ अंशांवर ठेवायला सांगा, ड्रायव्हर डिझेल वाचवायला बंद करतात.

सईची आई, ८:१२
झालं ना काम, छान. आता एक सांगा, ड्युरियनच्या आठळ्या उकडून खातात का? आमच्या ह्यांनी फेकून दिल्या होत्या.

घाईघाई, ८:१५
खातात ताई. मीठ घालून उकडा.